रामटेकेची पांढरी पाटी

कॉम्प्युटरचा पडदा एकदम काळवंडतो आणि मधोमध एक खिडकी उघडते. या प्रोग्रामला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का, असं ती विचारते. खाली दोन बटणं, येस आणि नो. लोक रोज ती खिडकी पाहतात आणि न वाचता येस दाबून मोकळे होतात. मला ते जमत नाही. ती खिडकी आली की मला रामटेके आठवतो आणि माझं डोकं फिरतं. दुकानातल्या लोकांना वाटतं, शेठ प्रिंटरवर चिडला.

रामटेकेनं माझ्याकडे बरीच वर्षं काम केलं. तेवढ्या वर्षांत त्यानं मला दोनच वेळा नाही म्हटलं. पहिल्या वेळी माझं एक मोठं काम गेलं. दुसऱ्या वेळी तो स्वतः गेला. पहिलं मी विसरलो असतो, धंद्यात कामं येतात आणि जातात. दुसऱ्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला आता समोर कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी घुग्घुसचा. बाप कोळशाच्या खाणीत शिफ्टला जायचा. मी बाजारात एका टेबलावर लोकांचे मोबाईल उघडायला बसलो तेव्हा त्या टेबलाची जागासुद्धा भांडून घेतली होती. आज चंद्रपुरात दुकान आहे, आणि वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत सोसायट्या, आश्रमशाळा, लहान दवाखाने यांचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळतो. यातलं काहीही कोणी मला आपण होऊन दिलेलं नाही. समोरचा माणूस पहिल्यांदा नाहीच म्हणतो, धंदा त्या नाहीनंतर सुरू होतो, एवढं मला बाजारानं शिकवलं. रामटेके बरोबर याच्या उलट्या मातीचा होता आणि असा माणूस मी माझ्या हातानं दुकानात घेतला.

तो पहिल्यांदा आला तेव्हा पायरीखाली उभा राहिला. माझ्या दुकानाला दार म्हणजे वर सरकवलेलं शटर. गिऱ्हाईक सरळ आत येतं, खुर्ची ओढतं, कधी माझ्याच बाटलीतलं पाणी पितं. हा उन्हात उभा. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, चष्म्याला काळी दोरी, हातात कापडी पिशवी.

"आत येऊ का?"

मी फोनवर होतो. हातानं या म्हटलं. तेवढं त्याला पुरलं नाही. माझं बोलणं संपेपर्यंत तो तिथंच थांबला आणि मी फोन ठेवल्यावर परत म्हणाला, "येऊ का भाऊ?"

"या ना बाप्पा. दुकान आहे हे, कोनाचं सोयपाकघर नाई."

आत आला आणि खुर्चीकडे पाहून म्हणाला, "बसू का?"

चिमूरजवळच्या खेड्यातला होता. चिमूरला टायपिंगच्या वर्गात शिकवायचा. कॉम्प्युटर आले, वर्ग बंद पडला, तेव्हा यानं कॉम्प्युटरच शिकून घेतला. "ज्यानं आपली भाकर खाल्ली त्याची वळख तं करून घ्याव म्हटलं," असं सांगायचा. मी पगार सांगितला. मुद्दाम कमी सांगितला, कारण पुढे वाढवून द्यायला जागा लागते. तो "बरं" म्हणाला. मला एकदम रिकामं वाटलं. भावच न करणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय?

पुढे कळलं की विचारणं ही त्याची श्वास घेण्यासारखी सवय होती. गिऱ्हाइकाच्या माऊसला बोट लावायच्या आधी म्हणायचा, "हात लावू का?" प्लग काढायच्या आधी, "बंद करू का?" जो कॉम्प्युटर महिनाभर चालू झालेला नाही त्याच्याबद्दलसुद्धा. दुपारी डबा उघडायच्या आधी माझ्याकडे पाहून, "जेवू का?" पहिल्याच आठवड्यात मी गमतीनं म्हटलं, "नको." त्यानं झाकण परत लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि एका उघड्या कॉम्प्युटरचा पंखा पुसायला बसला. चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. मी वाट पाहिली की आता हसेल, मग हसेल. शेवटी मलाच राहवेना.

"जेव ना बे. मजाक केली मी."

"तसं सांगा मंग," म्हणाला आणि डबा काढला. त्या दिवसापासून मी त्याला गमतीनं कधी नाही म्हटलं नाही. गंमत कुठे संपते ते त्याला कळत नसे. निदान मी तसं समजत होतो.

एका गोष्टीला मात्र तो कोणाचीच परवानगी घेत नसे, आणि ती म्हणजे खर्रा. समोरच्या पानठेल्यावर तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतात, आमच्याकडे पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत साऱ्यांच्या गालात तो असतो. रामटेके जेवणानंतर गालात धरायचा तो संध्याकाळपर्यंत. मी एकदा सर्वांसमोर म्हटलं, "रामटेके, सारं विचारून करतेस. याचं कोनाले विचारलं?"

त्यानं पन्नीची पुडी खिशात टाकली. "खर्रा कोनाले विचारत नाई भाऊ. तो पह्यल्या दिवसापासून अडमिन आहे, सारे अधिकार त्याच्याकडेच."

दुकानात हशा पिकला. मीही हसलो.

आमच्या भागात अंतर हीच मोठी अडचण आहे. सिरोंच्याला जायचं तर दिवस जातो. पावसाळ्यात भामरागडकडचा रस्ता पाण्याखाली गेला की कित्येक दिवस माणूस पोचत नाही. सुरुवातीला मी रामटेकेलाच बसनं पाठवायचो. एकदा सिरोंच्याच्या एका संस्थेचा कॉम्प्युटर बसला. तो सकाळच्या गाडीनं गेला. दुपार टळल्यावर मी फोन केला.

"पोचला का?"

"केव्हाचा."

"झालं काम?"

"नाई."

"काऊन? काय बिघडलं आहे?"

"ते नाई मालूम भाऊ. हात नाई लावला अजून. इथल्या बाई नको म्हनते."

तिथल्या कारकून बाई तेलुगू बोलणाऱ्या, वयस्क. कॉम्प्युटरला रोज अगरबत्ती ओवाळायच्या. यानं सवयीप्रमाणे विचारलं, हात लावू का? बाई म्हणाल्या, वद्दु. आज अमावास्या आहे, आज नको, उद्या लावा. दुसरा कोणी असता तर बाईंना हसून बाजूला करून खोलून बसला असता. हा तिथंच मुक्कामाला राहिला. मी फोनवर काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "विचारलं भाऊ मी. विचारलं तं नाई आयकाची तयारी ठेवा लागते. नाईतं विचारावच नाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः प्लग लावून दिला, काम झालं, आणि पुढे त्या संस्थेतून फोन आला की बाई म्हणायच्या, रामटेकेंनाच पाठवा. मला त्याचं काही कौतुक वाटलं नाही. माझा एक दिवस गेला होता.

त्या फेरीनंतर मी त्याला म्हटलं, इथूनच दुरुस्ती होईल असं काही कर. मग त्यानं स्क्रिप्ट लिहायला घेतल्या. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची छोटी फाईल. आम्ही ती मोबाईलवर पाठवायची, तिकडच्या ऑपरेटरनं ती कॉम्प्युटरवर घेऊन दोनदा क्लिक करायचं. अडकलेला प्रिंटर सुटतो, बिघडलेली तारीख ठीक होते. पण असल्या कामांना कॉम्प्युटरचा पूर्ण अधिकार लागतो, ज्याला ॲडमिन म्हणतात. साध्या क्लिकवर फाईल चालते, पण तिच्या हातात तो अधिकार नसतो. ती अर्ध्यावर पडते. मग मी फोनवर ओरडायचो की उजवं बटण दाब, त्यातून ॲडमिन म्हणून चालव असं निवड. पलीकडून यायचं, "कोनतं उजवं, तुमचं का माहं?"

रामटेकेनं फाईललाच शहाणं केलं. उघडल्याबरोबर ती आधी स्वतःला तपासायची की आपल्याला अधिकार आहे का. नसला तर कॉम्प्युटरला सांगायची, मला अधिकारासकट पुन्हा चालव. मग पडदा काळवंडायचा, ती खिडकी यायची, माणसानं येस म्हटलं की काम व्हायचं. इथवर नवल नाही, शोधलं तर कोणालाही सापडेल. पण रामटेकेला ती खिडकी पटत नव्हती. तिच्यात स्क्रिप्टचं नाव दिसत नाही, स्क्रिप्ट चालवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या प्रोग्रामचं नाव दिसतं.

"विचारून राह्यलो मी, न् नाव दिसते कंपनीचं," तो म्हणायचा. "मंग मानसानं भरोसा कोनावर ठेवाव?"

म्हणून त्यानं खिडकीच्या आधी आपली पाटी लावली. सुरुवातीला काळ्या चौकटीत मराठी लिहून पाहिलं, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटले. मग साधी पांढरी पाटी आणली, तिच्यात मराठी नीट दिसायचं. प्रत्येक स्क्रिप्टची पाटी वेगळी. प्रिंटरची अशी होती: "मी प्रिंटरची अडकलेली रांग रिकामी करणार आहे. बाकी कशालाही हात लावणार नाही. यानंतर पडदा काळा होईल आणि कॉम्प्युटर तुम्हाला विचारेल. हो म्हणायचं का नाही ते तुम्ही ठरवा. रामटेके." खाली येस आणि नो. नो दाबलं की स्क्रिप्ट गुपचूप बंद. काही बोलणार नाही, काही बदलणार नाही, परत विचारणार नाही.

एका शब्दासाठी तो अर्धा दिवस घालवायचा. "बदल करणार" लिहावं का "दुरुस्त करणार" लिहावं. "दुरुस्त म्हटलं का मानूस आधीच हो म्हनते," तो म्हणायचा. "ते त्याले फसवल्यासारखंच झालं." मी कपाळावर हात मारायचो. आमच्या दुकानात माणसं ताटकळत बसलेली आणि हा शब्द निवडतोय.

त्याच्याही चुका झाल्या. एटापल्लीकडच्या एका धान खरेदी केंद्रावर ऐन खरेदीच्या दिवशी कॉम्प्युटर अडला. रामटेकेनं स्क्रिप्ट पाठवली, सोबत तिला लागणाऱ्या दोन फाईली. ऑपरेटरनं पाटी वाचली, येस दाबलं, पडदा काळा झाला, परत येस दाबलं, आणि स्क्रिप्ट म्हणाली, फाईल सापडत नाही. बाहेर बैलबंड्या आणि ट्रॅक्टर उभे. फाईली तर तिथंच, शेजारीच होत्या. ऑपरेटर मला शिव्या घालतोय, मी रामटेकेला. त्यानं डोकं धरून विचार केला आणि मग त्याच्या लक्षात आलं. अधिकार घेऊन पुन्हा चालू झाल्यावर स्क्रिप्ट आपल्या फोल्डरमध्ये राहत नाही. ती कॉम्प्युटरच्या मुख्य सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जाऊन उभी राहते आणि शेजारची फाईल तिथं शोधत बसते.

त्यानं एक ओळ वाढवून ती परत पाठवली. अधिकार मिळाल्यावर पहिलं काम, जिथून निघालो त्या फोल्डरमध्ये परत जाणं. केंद्र चालू झालं. तरी दुसऱ्या दिवशी तो स्वतः बसनं एटापल्लीला गेला, माफी मागायला. माफी फोनवरही मागता आली असती.

"मोठ्या खुर्चीवर बसवलं का आपलं गाव इसरते," तो परत आल्यावर म्हणाला. त्या ओळीला तो गावाची ओळ म्हणायचा. पुढे प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ती असायची, लागत नसली तरी.

आता त्याचं पहिलं नाही.

वरोऱ्याच्या बाजूला एक मोठी संस्था होती, गावोगाव शाखा. तिच्या साऱ्या कॉम्प्युटरांचं काम मला मिळत आलं होतं. मी कितीतरी खेटे घातले होते. सचिव माझ्यासारखाच माणूस, चहा पाजून पाजून भाव पाडणारा, त्याच्याशी बोलताना मजा यायची. शेवटच्या बैठकीला मी रामटेकेला सोबत नेलं. सचिव म्हणाला, "तुमचं काम चांगलं आहे. पन ते पाटी न् खिडकी बंद करा. आमचे लोक भेतात, नो दाबून मोकळे होतात, मंग काम अडते."

मी म्हटलं, होऊन जाईल. खरंच होण्यासारखं होतं. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये ती विचारणारी खिडकीच कायमची बंद करता येते.

रामटेके म्हणाला, "ते बंद केलं तं कोनीबी फाईल येईन न् कायबी करून जाईन. तुमाले समजनारबी नाई."

सचिवाचा चेहरा उतरला. मी लगेच मधला मार्ग काढला, तो माझा धंदाच आहे. म्हटलं, "ठीक. खिडकी राहू द्या. नो दाबलं तं स्क्रिप्ट परत विचारन. परत नो, परत विचारन. येस म्हनेपर्यंत विचारत राहीन. दोन-चार वेळा झालं का लोक आपोआप येस दाबतात."

सचिव खूश झाला. "हे जमते."

"मले नाई जमत," रामटेके म्हणाला.

मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं पाय काढून घेतला आणि सचिवाला अगदी सौम्यपणे, टायपिंगच्या वर्गात सांगावं तसं सांगितलं, "साहेब, नाई म्हटल्यावर परत विचारलं तं ते विचारनं नोहे. तो धाक आहे."

काम गेलं. ते नागपूरच्या एका माणसाला मिळालं. त्यानं पहिल्याच दिवशी साऱ्या कॉम्प्युटरांवरची खिडकी बंद करून टाकली. वाचणाऱ्याला वाटेल पुढे तिथं काही तरी भलतं घडलं असेल. काही घडलं नाही. ते कॉम्प्युटर आजही धडधडीत चालू आहेत. रामटेके बरोबर होता असं म्हणायची सोय मला उरली नाही.

परतताना गाडीत मी तोंड सोडलं होतं. रेल्वेच्या फाटकावर अडकलो. समोरून कोळशाची मालगाडी जात होती, संपता संपत नव्हती. मी म्हटलं, "तुले कोनी शिकवलं हे? एवढं काय आहे त्या विचारन्यात?"

तो खिडकीतून डब्यांकडे पाहत म्हणाला, "आमचं वावर होतं रस्त्याकाठी. रस्त्याचं काम करनारा ठेकेदार आला. बापाले म्हने, वावरातून गाडी जाऊ देता का? बाप हो म्हनला. गाडी जाते तं जाऊ दे, त्यात काय. गाडी रिकामी आली भाऊ, न् भरून गेली. रोज तशीच. मुरूम नेला साऱ्या वावराचा. बाप बोलाले गेला तं ठेकेदार म्हने, तुमाले विचारलं होतं ना?"

मालगाडी अजून जात होती.

"विचारलं नाई असं नाई," रामटेके म्हणाला. "विचारलं होतं. कायच्यासाठी ते नाई सांगतलं. आता तिथी खड्डा आहे. म्हशी बसते त्याच्यात."

फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मी गाडी पुढे काढली, पण माझा राग गेला असं समजू नये. माझाही बाप खाणीत जायचा, त्यालाही कोणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून काही मी आलेली कामं परत पाठवत नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याचा डबा बदलला. आधी भाकर आणि झुणका असायचा. मग पोळी दुधात कुस्करलेली. मग नुसता मऊ भात, तोही चमच्याच्या टोकानं. बोलताना शब्द दातांमागे अडकायला लागले. एक दिवस मी त्याला म्हटलं, तोंड उघड. त्यानं उघडलं तेव्हा त्यात माझं एक बोटही नीट गेलं नसतं. गालाच्या आत पांढरा डाग होता.

चंद्रपूरच्या डॉक्टरनं नागपूरला पाठवलं. मी माझ्या गाडीनं नेलं, सोबत त्याची बायको वंदनावहिनी. मोठं इस्पितळ, गर्दी. तिथले तरुण डॉक्टर घाईत म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, इथं सही करा.

रामटेकेनं अडखळत विचारलं, "काय काय काढसान?"

डॉक्टर थांबले. मग बसले, आणि सगळं सांगितलं. जबड्याची एक बाजू, गाल, जिभेचा काही भाग. गळ्यातल्या गाठीही. त्यानंतर पुन्हा मशीनवर उपचार. खाणं नळीनं, बोलणं बहुतेक नाही. इतकं करून किती दिवस मिळतील हे सांगता येत नाही, कारण आजार खाली उतरला आहे. रामटेकेनं मान हलवत हलवत सारं ऐकलं आणि शेवटी त्यांना हात जोडले. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "चांगला डाक्टर आहे. सारं सांगतलं त्यानं."

"मंग सही कर ना."

"नाई भाऊ."

ते त्याचं दुसरं नाही.

मी ते मान्य केलं नाही. का करावं? माझं सारं आयुष्य लोकांच्या नाहीनंतर सुरू झालेलं आहे. चंद्रपूरहून त्याचं गाव जवळ नाही, तरी मी जात राहिलो. म्हटलं, खर्च माझा. म्हटलं, तुझ्या मुलीला दुकानात घेतो. म्हटलं, नागपूरला खोली बघून ठेवली आहे, वहिनींची सोय होईल. म्हटलं, नळीनं तर नळीनं, तुला बोलून कोणता बाजार करायचा आहे, स्क्रिप्ट काही तोंडानं लिहीत नाहीत. प्रत्येक वेळी काही तरी जास्त घेऊन गेलो. तो ऐकायचा, मान हलवायचा, आणि पुन्हा नाही.

एकदा तो हळूहळू, एकेक शब्द सोडवत म्हणाला, "गिऱ्हाईक पह्यले नाई म्हनते, हे तुमचं खरं आहे. पन मी गिऱ्हाईक नोहो भाऊ."

वहिनी मला निरोप द्यायला रस्त्यापर्यंत यायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "डाक्टरनं त्यायले विचारलं, त्यायनं सांगतलं. मीबी एकदा विचारलं. आता तुमी नका विचारू."

"तुमी बायको आहा का कोन आहा त्याची?" मी म्हटलं. "त्याले उचलून न्याले पायजे."

त्यांनी पदर खोचला आणि एवढंच म्हणाल्या, "जयभीम भाऊ. गाडी सावकाश न्या."

धान कापून झालं होतं तेव्हा मी शेवटचा गेलो. गाडीत मागची सीट पाडून गादी टाकून घेतली होती. इस्पितळात बोलून ठेवलं होतं. मनाशी ठरवलं होतं की आज विचारायचंच नाही.

सकाळची वेळ. तो अंगणात खाटेवर बसला होता, पाठीला उशी, नाकाखालचा चेहरा दुपट्ट्यानं बांधलेला. फक्त चष्मा दिसत होता आणि त्याची काळी दोरी. बोलणं बंद झालेलं. मांडीवर दुकानाचा जुना लॅपटॉप होता, तो मीच त्याला घरून काम करायला दिला होता. वहिनी चुलीपाशी होत्या. मी आल्याबरोबर सांगितलं, "वहिनी, याचे कपडे भरा. गाडी आणली आहे." त्या उठून उभ्या राहिल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी रामटेकेकडे पाहिलं.

रामटेकेनं दारातल्या गाडीकडे पाहिलं. उघडं मागचं दार आणि आतली गादी त्याला दिसली असणार. मग त्यानं लॅपटॉपवर थोडा वेळ काही लिहिलं, जपून, एकेक बटण दाबत. एका शब्दावर थांबला, तो पुसला, दुसरा लिहिला. मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

पडद्यावर त्याची पांढरी पाटी होती.

"मी आता निघणार आहे. बाकी कशालाही हात लावणार नाही. हो म्हणायचं का नाही ते तुम्ही ठरवा. रामटेके."

खाली येस आणि नो.

वहिनी जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीही ते वाचलं. मी खाटेच्या कडेला बसलो आणि नो दाबलं.

पाटी गुपचूप बंद झाली. मागे नुसता रिकामा निळा पडदा राहिला. मी वाट पाहिली. मला वाटलं परत येईल. आली असती तर मी परत नो दाबलं असतं, हवं तितक्या वेळा दाबलं असतं, संध्याकाळपर्यंत तिथं बसून दाबलं असतं. ती आली नाही.

रामटेकेनं लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. आवाज नव्हता, पण तो काय विचारतोय ते मला कळत होतं. बंद करू का?

उठलो, गाडीचं मागचं दार आपटून लावलं आणि गाडी फिरवली. वळणावर आरशात पाहिलं तर तो तसाच बसलेला होता, झाकणावर हात ठेवून, उत्तराची वाट पाहत.

त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला.

रामटेकेच्या सगळ्या स्क्रिप्ट अजून आमच्याकडे चालतात. नो दाबल्यावर एकीनंही कधी पुढचं काम केलेलं नाही. मला भेटायला येणारे लोक म्हणतात, जाऊ द्या भाऊ, आजारच तसा होता. मला आजाराबद्दल बोलायचं नाही. माझं म्हणणं साधं आहे. त्यानं मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं. वंदनावहिनी साक्षीला आहेत.